तुझा निळा मार्कर आमच्याकडेच राहिलाय

अरे पोरा,

तुझं नाव मला माहितीये पण इथे लिहीत नाही, तुला आवडणार नाही. पीपीई किटवर छातीशी निळ्या मार्करने लिहिलेलं असायचं ते, व्हिडिओ कॉलवर तेवढंच दिसायचं, बाकी सगळी वाफ. पहिल्यांदा काकू म्हणालास तेव्हा खरं सांगू, जरा रागच आलेला.

एप्रिल 2021. ब्रेक द चेन चालू, पुण्यात बेड मिळता मिळेना आणि अण्णांचा ऑक्सिजन 86. आधीच्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तिथे चार दिवस एकच वाक्य ऐकलं, पेशंट को-ऑपरेट करत नाहीत. पालथं झोपा म्हटलं तर झोपत नाहीत, मास्क काढतात, विचारलं तर भलतंच बोलतात. अहो त्यांना ऐकू येत नाही! ॲडमिट करताना मी दोनदा सांगितलं, फॉर्मवर लिहिलं, तरी कानाचं मशीन पिशवीतच पडून. इतकी वर्षं समोरच्याच्या ओठांकडे बघून निभावलं त्यांनी, आणि आता सगळ्यांचीच तोंडं झाकलेली. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, रेमडेसिविर तुम्हीच आणा हे मात्र आठवणीने सांगायचे. भाऊ दोन दिवस मेडिकलच्या रांगेत उभा, आणि नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच ते देऊ नका असा सल्ला दिलेला. असो.

मग कसाबसा दुसरीकडे बेड मिळाला आणि तिथे तू होतास. कॉलेज ऑनलाइन, म्हणून फुकट राबायला आलेला. पहिल्याच दिवशी फोन करून विचारलंस, काकू, आजोबांना वाचता येतं ना? आणि बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलंस, पालथं झोपा, दम कमी लागेल. अण्णा निमूट पालथे झाले म्हणे.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. 21 तारखेला नाशिकला हॉस्पिटलची ऑक्सिजनची टाकी गळून 22 पेशंट गेल्याची बातमी आली, आमच्या घरात कुणाला घास गेला नाही आणि रात्री नऊला तुझा फोन. पोटात गोळाच आला. तर तू म्हणतोस, आजोबा विचारतायत मोगऱ्याला पाणी घातलं का, काय लिहू? मी हो म्हणाले. साफ खोटं, आठ दिवस गॅलरीत कुणी फिरकलं नव्हतं. तू म्हणालास, नक्की ना काकू, मी लिहून देणारे त्यांना. फोन ठेवला, अंधारात जाऊन त्या कुंडीत बादलीभर पाणी ओतलं आणि तिथेच बसून रडले, त्या अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा.

आमच्या सोसायटीतले शिकलेसवरलेले लोक लिफ्ट वापरू नका अशी चिठ्ठी दाराला चिकटवून गेले, आणि विशीतला पोरगा परक्या म्हाताऱ्याच्या कुंडीची खात्री करून घेतो. तुझ्या आईला एकदा भेटायचंय मला.

पुठ्ठा कपाटामागे आहे, अण्णा टाकू देत नाहीत. त्यांच्या कपड्यांच्या पिशवीतून तुझा मार्करही आलाय घरी. शाई वाळलीये, तरी घेऊन जा येऊन, मोगऱ्याच्या दिवसांत ये. आणि मास्क लावून येऊ नकोस, अण्णांनी तुझं तोंड अजून बघितलेलं नाही.