लेखक गेल्यावर कोड कोणी सांभाळायचा? : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या लिपी-संकेतात, आणणारी एक छोटी लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरता येणारा तयार कोड) माझा मित्र सांभाळायचा. नोकरी करून, रात्री जागून. तो अचानक गेला. पंधरा दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनीच लॅपटॉप समोर आणून ठेवला, पण पासवर्ड त्यांना ठाऊक नव्हता. पुढे रिचार्ज न झाल्याने त्याचं सिम बंद पडलं आणि ओटीपी येण्याची वाटही मिटली. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर हयातीतच उत्तराधिकारी नेमून ठेवता येतो. त्याने नेमला नव्हता. चाळिशीत कोण नेमतो?

कोड हरवलेला नाही. परवाना खुला आहे, त्यामुळे तो कोणीही उतरवून घेऊ शकतं. पण त्या नावाने दुरुस्त आवृत्ती काढायची मुभा कोणालाच उरली नाही. आम्ही वेगळ्या नावाने प्रत काढली, तरी लोक जुनी, चुका असलेलीच वापरताहेत. सातबाऱ्यावर वारसनोंद होते, ठेवीला नॉमिनी असतो. कोडच्या चाव्यांसाठी, म्हणजे पासवर्ड आणि नवी आवृत्ती काढण्याच्या हक्कांसाठी, मात्र आपल्याकडे काहीच रीत नाही.

हा प्रश्न सरकारचाही आहे. ई-प्रशासनात ओपन सोर्सला, म्हणजे खुल्या परवान्याच्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य देण्याचं धोरण आपल्याच मंत्रालयाने 2015 मध्ये आणलं आणि ते योग्यच होतं. पण त्या सॉफ्टवेअरच्या पोटात शेकडो लहान घटक असतात आणि त्यांतले कित्येक एकेका माणसाच्या जिवावर चालतात.

सांभाळ नीट होऊ शकतो, हे विम या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या सॉफ्टवेअरने दाखवलं. ब्राम मूलेनार यांनी 1991 मध्ये हा एडिटर लोकांना दिला आणि तीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ प्रत्येक बदल स्वतःच्या हाताने आत घेतला. 3 ऑगस्ट 2023 रोजी ते गेले. जुने सहकारी क्रिस्टियान ब्राबांट पुढे आले आणि जानेवारी 2024 मध्ये ब्राम यांना अर्पण केलेली 9.1 आवृत्ती निघाली. हे जमलं, कारण ब्राबांट अनेक वर्षं त्याच कोडवर काम करत होते.

अशी माणसं आयत्या वेळी शोधली तर काय होतं, तेही 2024 मध्येच दिसलं. एक्सझेड या फाइल-संक्षेपाच्या प्रकल्पाचा लेखक हयात होता, पण थकलेला आणि एकटा. ‘जिया टॅन’ नावाच्या कोणीतरी दोन वर्षं मदत करून विश्वास मिळवला, सहमेंटेनर (कोड सांभाळणारा जोडीदार) झाला आणि मग संगणकात छुपा प्रवेश देणारी चोरवाट पेरली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने घेतला, म्हणून आपण वाचलो. त्यामुळे एखादा आदेश काढून घाईने कोणालातरी वारस नेमावं, असं मी मुळीच म्हणत नाही.

मागणं एवढंच. सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वं सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने 2024 मध्ये काढली आहेत. त्या यादीत आणखी एक रकाना घाला : या घटकाच्या चाव्या किती जणांकडे आहेत? जिथे उत्तर ‘एक’ येईल, तिथे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे काही अभियंते पूर्ण वेळ, पगारी द्या. त्यांनी आधी चुका शोधाव्यात, दस्तऐवज लिहावेत, लेखकाचा हात हलका करावा. हक्क मागू नयेत. पुढे लेखकाला वाटलं तर तो देईल. जर्मनीने 2022 पासून अशा कामासाठी सरकारी निधी उभा केला आहे. आपल्याकडे सी-डॅकचं मुख्यालय पुण्यातच आहे आणि हे काम मनापासून करतील अशी मुलं मी रोज पाहते.

मराठीसाठी लिहिलेल्या, एकट्या माणसाने सांभाळलेल्या साधनांची यादी आम्ही काही जण करतो आहोत. मंत्रालयाने वेळ दिल्यास ती घेऊन आम्ही दिल्लीला येऊ.

आपली विश्वासू,
एक प्रोग्रामर, पुणे