वाळवणी केंद्राचं काय झालं, मंत्रिमहोदय?

मा. अन्नप्रक्रिया मंत्री यांस,
स.न.वि.वि.

फळप्रक्रिया उद्योजकांच्या मेळाव्यात, भर सभेत, तुम्ही शब्द दिला होतात की हंगामाआधी फळांच्या साली आणि चोथा वाळवायचं सामाईक केंद्र सुरू होईल. हंगाम सुरू झाला आणि काल तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं: विषय पर्यावरण खात्याचा आहे, तिकडे अर्ज करा. एका ओळीत हात झटकलेत.

महोदय, संत्र्याचा रस काढला की फळाचं जवळजवळ निम्मं वजन साली आणि चोथ्यात उरतं. त्या सालीत जॅम घट्ट करणारं पेक्टिन आहे, औषधी हेस्पेरिडिन आहे, सालीच्या सुगंधी तेलातलं लिमोनीन आहे. टोमॅटोचं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, गरापेक्षा सालीत जास्त. औषधं, खाद्यरंग, जॅम यांना लागणारी ही द्रव्यं आम्ही टेम्पोत भरून फेकून देतो!

कारण ओल्या चोथ्यात ७० ते ८० टक्के पाणी. सकाळचा ढीग संध्याकाळी आतून तापलेला असतो, हात घातला की चटकन कळतं, आणि आंबूस वास सुटतो. साल चिरडली की तिच्यातलीच विकरं (एन्झाइम्स) पॉलिफेनॉल ही उपयोगी द्रव्यं नासवतात, साल तपकिरी पडते. म्हणून आधी बेताच्या आचेवर वाळवायचं, अर्क नंतर. तुमचे अधिकारी म्हणतात, बायोगॅस करा. अहो, लिमोनीन काढून न घेता साली टाकीत टाकल्या तर ते गॅस करणाऱ्या जिवाणूंनाच मारतं. एवढं तरी कुणाला विचारायचं होतं.

तुमच्या शब्दावर कर्ज काढून मी अर्काची टाकी बसवली. ती कोरडी पडली आहे, हप्ते थांबत नाहीत. महिनाअखेरीला कामगारांचा पगार आधी की बँक, यावर घरात रोज वाद. चोथा उचलायचे पैसे मी भरायचे, दुर्गंधीची नोटीसही मलाच.

आणि हे एका खात्याचं नाही. कृषी खात्याचा संबंध फळ शेतातून निघालं की संपतो, उद्योग खात्याला मोठे कारखाने तेवढे दिसतात, पर्यावरण खातं येतं ते दंडाची पावती घेऊन. पेक्टिन १८२५ साली वेगळं काढलं गेलं. दोनशे वर्षांचं हे ज्ञान आज तुमच्या खात्यांच्या हद्दीच्या भांडणात अडकलं आहे, आणि मरतो तो लहान उद्योजक. मोठ्यांकडे स्वतःची वाळवणी यंत्रं आहेत.

केंद्राची जागा, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लेखी कळवा. तोवर चोथ्यावरचा दंड थांबवा.

आपला,
एक फळप्रक्रिया उद्योजक