रविवारची सभा : परदेशातील व्यवसाय-शिक्षणाचे दार सर्वांना उघडे राहावे

सर्व सभासद दादा-ताईंना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी 7 वाजता वाचनालयात सभा आहे. कापूस वेचणी सुरू आहे, म्हणून वेळ उशिराची ठेवली.

मे 2025 मध्ये अमेरिकेच्या सरकारने हार्वर्ड विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना रद्द केला. न्यायालयाने लगेच स्थगिती दिली, पण त्या बातमीने आपल्याकडची एमबीएची तयारी करणारी पोरंही धास्तावली. त्याच विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलने दोन वर्षांच्या एमबीएला मुलींना प्रवेश दिला तो 1963 मध्ये. मिळालेली जागा टिकवावी लागते. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकातच लिव्हरपूलच्या बाजारात पोचला होता. त्या व्यापाराचे शिक्षण मात्र आपल्या घरापर्यंत फार उशिरा आले. बाबासाहेब 1913 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकू शकले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीमुळे, हे विसरून कसे चालेल?

सभेत काय करायचे:

- विद्यापीठांना पाठवायच्या पत्राचा मसुदा वाचून सह्या. देश, जात, धर्म, लिंग यांवरून प्रवेश नाकारू नये आणि गरजूंची शिष्यवृत्ती चालू ठेवावी, एवढीच मागणी.
- राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणावा.

बारावीनंतर शिकणाऱ्या मुलींना घरच्यांनी आवर्जून सोबत आणावे. त्यांना आधी बोलू द्यायचे, हा या सभेचा नियम आहे. मसुद्यात बदल सुचवायचा असल्यास शनिवारपर्यंत लिहून द्यावा.

– सचिव, वाचनालय