'कोल निद्रे'चे विराम सांभाळून दिल्याबद्दल

चेलोवाल्या ताईंना सप्रेम नमस्कार,

माक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराच्या 'कोल निद्रे'चं (ओपस 47, म्हणजे त्याची 47 क्रमांकाची रचना) एकट्या पियानोसाठीचं रूपांतर पुरं झालं. ते वाजवण्याजोगं झालं ते तुमच्यामुळे, म्हणून हे जाहीर पत्र.

ब्रुखनं 1880 मध्ये ही रचना चेलो (गजानं वाजवायचं मोठं तंतुवाद्य) आणि ऑर्केस्ट्रासाठी केली. पहिली चाल योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्त-दिवसाच्या सुरुवातीच्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) गायल्या जाणाऱ्या प्रार्थनेची. ती दोन-तीन स्वरांच्या तुकड्यांत येते, मधे विराम. पियानोवाला तिथं हटकून पेडल (बोट उचललं तरी स्वर चालू ठेवणारी पायाची कळ) दाबून ठेवतो आणि हुंदका बुजून जातो. तुम्ही गज कुठं उचलता याच्या पेन्सिलनं खुणा करून दिल्यात, त्यातूनच वाट सापडली: खालची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) डाव्या हाताच्या बोटांनीच धरायची, पेडल सोडलेलं, आणि चालीचा स्वर नेमका विरामापाशी सोडायचा. साथ चालू राहते, गळा तेवढा थांबतो.

लांब स्वरांचं दुखणं वेगळं. चेलोचा स्वर मध्यावर फुगतो, पियानोचा वाजल्या क्षणापासून विरतच जातो. तो फुगवटा आता आतल्या कॉर्डना दिलाय. चालीचा पुढचा स्वर मागचा जिथवर विरला असेल तितक्याच जोरात लावायचा, नाहीतर प्रत्येक स्वर ठोकल्यासारखा येतो. लयही चेलोपेक्षा किंचित पुढे हवी.

डी मेजर या उजळ स्वरसप्तकाच्या भागात चाल डाव्या अंगठ्यावर, ऑर्केस्ट्रातल्या हार्पचे (बोटांनी छेडायच्या तंतुवाद्याचे) स्वर उजव्या हातात. खर्ज करंगळीनं आधी घेऊन पेडलमध्ये धरायचा. हार्पचा एकेक स्वर घ्यायचा मोह फार होतो. चालीच्याच सप्तकात पडणारे तिचे स्वर काढून टाका, हा तुमचा सल्ला मानला आणि चाल लगेच मोकळी झाली.

सर्वांत मोठं ऋण शेवटच्या कॉर्डचं. वरचा डी हा स्वर लागला की चेलोची मोकळी डीची तार आपसूक थरथरते, हे तुम्ही दाखवलंत. तेच पियानोवर केलं: खालचे दोन डी डाव्या हातानं आवाज न करता आधीच दाबून धरायचे, मग उजव्यानं कॉर्ड. पेडल नसतानाही त्या तारा गुंजत राहतात. पियानोची पट्टी अगदी सावकाश दाबावी, घाईत हातोडी तारेला लागते.

गजाच्या तुमच्या खुणा स्वरलेखनात तशाच ठेवल्या आहेत.

आपले कृतज्ञ,
रूपांतरकार