जिन्याच्या खिडक्या आणि लिफ्टचा पंखा : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य

विषय : साथीच्या दिवसांत इमारतीतली हवा खेळती ठेवण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात आपली सर्वसाधारण सभा झाली. त्यानंतर दोन दिवसांनी माझा घसा धरला, अंगात कणकण आली. आणखी तीन दिवसांनी माझी आई तापाने फणफणली. तिचे वय अठ्ठ्याहत्तर, त्यात जुना दमा. सहा दिवस ती रुग्णालयात होती. आता घरी आली आहे, पण अजून बाथरूमपर्यंत जातानाही तिला भिंतीचा आधार घ्यावा लागतो. सभेला ती आलीच नव्हती. ताप घरी मी नेला.

यात मला कोणाला दोष द्यायचा नाही. त्या सभेत बाहेरच्या गाड्यांच्या आवाजाने बोलणे ऐकू येत नव्हते, तेव्हा हॉलच्या खिडक्या लावायला मीच उठलो होतो. त्यानंतर दोन तास आपण चाळीस-पन्नास माणसे त्या बंद हॉलमध्ये बसून होतो आणि दोन-तीन जण खोकत होते. हे पत्र लिहिण्याचे कारण ते दोन तास आहेत.

तापाची साथ आल्यावर समितीने सूचना लावली, लिफ्टजवळ सॅनिटायझर ठेवला, कठडे आणि बटणे दिवसातून दोनदा पुसायला सुरुवात केली. हे चांगलेच आहे आणि चालू राहावे. फ्लूचा विषाणू स्टील-प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवस टिकू शकतो, त्यामुळे पुसण्याला अर्थ आहे. पण आपला सगळा भर हातांवर आहे आणि हवेकडे कोणाचेच लक्ष नाही. खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही माणसाच्या तोंडा-नाकातून लहानमोठे कण बाहेर पडतात. मोठे कण एक-दोन मीटरवर खाली बसतात. बारीक कण मात्र बंद खोलीत धुरासारखे तरंगत राहतात. लिफ्टमध्ये आपल्या आधी कोणी अत्तर लावून गेलेले असेल, तर माणूस दिसत नाही पण वास येतो, अगदी तसे. जागतिक आरोग्य संघटनेनेही एप्रिल 2024 मध्ये ‘पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा तो थेंब आणि लहान तो हवेतला कण’ ही जुनी काटेकोर विभागणी बाजूला ठेवली. कण सगळ्या आकारांचे असतात आणि ते श्वासावाटे आत जातात, हे आता मान्य झाले आहे.

आईजवळ रुग्णालयात बसलो असताना वाचलेली एक घटना डोक्यातून जात नाही. 1977 साली अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे तीन तास जमिनीवर अडकून पडले. आत 54 माणसे होती आणि त्यांच्यातल्या एकाला फ्लू झाला होता. त्या वेळात विमानातली हवा बदलणारी यंत्रणा बंद होती. पुढच्या 72 तासांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले, आणि जे जास्त वेळ आत बसले त्यांच्यात आजाराचे प्रमाणही जास्त होते. आपल्या सभेची माणसे जवळपास तेवढीच होती.

मागच्या रविवारी मी इमारतीचा पूर्ण जिना चढून उतरलो. वळणावरच्या आठ खिडक्यांपैकी पाच उघडतच नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या खिडकीची कडी रंगाच्या थराखाली गाडली गेली आहे. नखाने खरवडली तर तीन रंग निघाले, सगळ्यात खाली जुना हिरवा. म्हणजे किमान तीन रंगकामे झाली आणि प्रत्येक वेळी ती खिडकी बंदच रंगवली गेली. वरच्या एका खिडकीला तार गुंडाळली आहे. मग लिफ्टमध्ये टिश्यूपेपरची पट्टी पंख्याच्या जाळीखाली धरली. पंख्याचा आवाज येत होता, पण पट्टी हलली नाही. जाळीवर धुळीची गादी बसली आहे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या माणसाला पुढच्या फेरीत हे दाखवले, तर अर्ध्या तासाचे काम आहे.

माझी पहिली मागणी एवढीच, की जिन्याच्या खिडक्या मोकळ्या कराव्यात आणि साथीच्या दिवसांत दिवसभर उघड्या ठेवाव्यात. पाऊस आत येतो ही तक्रार खरी आहे. जिथे ती आहे तिथे वरचा भाग तरी उघडा राहील अशी सोय करता येईल. लिफ्टचा पंखा साफ करून सतत चालू ठेवावा. ज्याला खोकला आहे त्याने मास्क लावावा किंवा एकट्याने जावे, आणि आत फोनवर बोलणे टाळावे, असे लिफ्टमध्येच लिहून लावावे.

हॉलसाठी थोडे जास्त करावे लागेल. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने 2023 मध्ये सांगितले, की माणसे वावरतात त्या खोलीत ताशी निदान पाच वेळा संपूर्ण हवा बदलेल इतकी ताजी किंवा गाळलेली हवा मिळावी. आपल्या हॉलला समोरासमोर खिडक्या आहेत, त्यामुळे आपल्याला हे अवघड नाही. दोन्हीकडच्या उघडायच्या आणि एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावायचा. आवाजाचा प्रश्न माईकने सुटेल. हवा पुरेशी बदलते की नाही हे अंदाजाने कळत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक लहान यंत्र सोसायटीने घ्यावे. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग, असतो. हॉलमध्ये 800 च्या आत राहिला तर ठीक. चढत गेला तर समजायचे, की आपण एकमेकांचा सोडलेला श्वास घेत बसलो आहोत. ते यंत्र विषाणू मोजत नाही, शिळी हवा मोजते. आपल्याला तेवढेच कळायला हवे आहे.

जंतुनाशकाची फवारणी करून घ्यावी असा प्रस्ताव समितीपुढे आहे असे ऐकले. तो सोडून द्यावा ही विनंती. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच अशा फवारणीविरुद्ध सल्ला दिला होता. धूळ-मळ असलेल्या जागी ती काम करत नाही आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसांना मात्र बाधते. साबणाच्या पाण्याने आधी पुसून मग जंतुनाशक लावणे आणि ते काही मिनिटे ओले राहू देणे, एवढे पुरे. सफाई करणाऱ्यांना एक गोष्ट मात्र कोणीतरी समोर बसून सांगा : ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मी त्यांना एकाच बादलीत दोन्ही ओतताना पाहिले आहे.

उलट्या-जुलाबांची साथ आली तर नियम थोडे वेगळे. अशा साथीमागे बहुतेकदा असणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर अल्कोहोलचे सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण आणि पाणीच लागते. हॉलबाहेरच्या बेसिनला साबण कधीच नसतो. बरे वाटल्यावरही 48 तास सामायिक जागेत खाणेपिणे हाताळू नये.

आता मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे या दिवसांत घरी बसणे हाच मोठा उपाय. आणि आपल्याकडे घरी कोण बसू शकते? आपले रात्रीचे सुरक्षारक्षक साथीच्या आठवड्यात तापातच कामावर होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “साहेब, खाडा झाला की पगार कापतात.” त्यांच्या केबिनमध्ये पाळी बदलताना दोघे असतात, खिडकी एक, तीही काचेची आणि बंद. तिथूनच प्रत्येक पार्सल आपल्या हातात येते. त्यांना आजार अंगावर काढायला आपण लावतो. रक्षक आणि सफाई कर्मचारी यांना आजारपणाची पगारी रजा मिळावी, हे सोसायटीच्या ठरावात यावे. कंत्राटदाराकडे बोट दाखवून हे टाळता येणार नाही, कारण कंत्राटाच्या अटी आपणच लिहितो.

त्याचबरोबर, कोणत्या घरात कोण आजारी आहे हे फलकावर किंवा ग्रुपवर टाकू नये. मागच्या खेपेला एका घराचा क्रमांक टाकला गेला. त्या घरच्या मुलाला आठवडाभर कोणी खेळायला घेतले नाही. पुढच्या वेळी ते कुटुंब आजार सांगेल का? नाव न घेता ‘या आठवड्यात इमारतीत तापाचे रुग्ण आहेत’ एवढे कळवले तरी माझ्यासारखा माणूस आईच्या खोलीत जाताना मास्क लावेल.

एक मुद्दा बंद घरांचा. 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या गंभीर आजाराची साथ पसरली, 300 हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात लक्ष गेले ते नहाणीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीकडे. त्या वाकात नेहमी थोडे पाणी साचलेले असते आणि ते सांडपाण्याच्या पाइपातली हवा अडवून धरते. तिथे ते वाळले होते, आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला की पाइपातली हवा घरात ओढली जात होती. तो आजार वेगळा होता आणि फ्लू असा पसरतो असे मला म्हणायचे नाही. पण आपल्या इमारतीत चार घरे महिनोन्‌महिने बंद आहेत, त्यांच्या नहाण्या कोरड्या पडल्या असणार. आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी ओतावे, असे चावी ठेवणाऱ्यांना कळवावे.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो, आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून साथ यायच्या आधी हॉलमध्ये एक दिवस डॉक्टरांना बोलावता आले, तर ज्येष्ठ, गरोदर महिला, लहान मुले आणि दमा-मधुमेहाचे रुग्ण यांची सोय होईल. आईची लस या वर्षी राहून गेली होती.

येत्या रविवारी सकाळी मी पटाशी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जिन्याच्या खिडक्या मोकळ्या करायला तयार आहे. चौथ्या मजल्यावरचे दोघे मदतीला येतो म्हणाले आहेत. सुरुवात त्या हिरव्या रंगाच्या खिडकीपासून करू. समितीची परवानगी तेवढी शनिवारपर्यंत कळवावी.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद