तुझ्या नव्या पीसीसाठी, नाशिकहून

नाशिक
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्यामुळे धड बोलणंच झालं नाही. म्हटलं, आता निवांत लिहूनच काढावं. आरटीएक्स ५०७० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आणि ३२ जीबी रॅम घेतलीस, आणि त्याच झटक्यात १४४० पी (उभ्यात १४४० ठिपक्यांचा) मॉनिटरही घेऊन टाकलास, हे फार उत्तम केलंस. पुष्कळ लोक सगळा पैसा कार्डात घालतात आणि समोर जुनाच मॉनिटर ठेवतात. मग एवढ्या कार्डाचं तेज दिसणार कशावर?

तू म्हणालास, "मशीनचा घाम निघेल असा गेम सांग, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतील." सुध्या, घाम काढणारे गेम पैशाला पासरी आहेत. कित्येक तर नीट बांधलेलेच नसतात म्हणून मशीनला घाम फोडतात. तुला हवाय तो डोळ्यांचं पारणं फेडणारा गेम, आणि तो शोधायचा असेल तर उजेडाकडे बघायचं. माझं इतक्या दिवसांचं बघणं या एका गोष्टीवर येऊन थांबलंय.

क्रायसिस आठवतोय? २००७ साली आला तेव्हा कॉलेज रोडवरच्या त्या कॅफेवाल्याने हौसेने टाकला होता. चित्राची सगळी सेटिंग 'लो'वर आणूनही तो अडखळत चालायचा, तरी आपण खुर्चीमागे उभे राहून बघत होतो. पानांतून झिरपणारं ऊन तसं कुठल्याच गेममध्ये पाहिलं नव्हतं. क्रायटेक कंपनीने तो पुढच्या काळातली मशीन्स डोळ्यांसमोर ठेवून बनवला होता. प्रोसेसरचा एकेक कोर (हिशेब करणारा भाग) वेगवान होत जाईल असा त्यांचा हिशेब होता, पण जग गेलं जास्त कोरच्या दिशेने. म्हणून मूळ क्रायसिस आजच्या मशीनवरही मध्येच धापा टाकतो. पण आपल्या लक्षात काय राहिलं? ते ऊन.

तर सुरुवात सायबरपंक २०७७ पासून कर. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा त्याची जी दैना होती ती तू ऐकली असशीलच. पण पोलंडच्या त्या मंडळींनी, सीडी प्रोजेक्ट रेडने, तो सोडून दिला नाही. एप्रिल २०२३ मध्ये त्यात पाथ ट्रेसिंग आलं. पूर्वी कुठे किती उजेड पडेल ते बनवणारे आधीच ठरवून, जवळजवळ रंगवूनच ठेवायचे. पाथ ट्रेसिंगमध्ये सूर्य, दिवे, दुकानांच्या पाट्या, सगळ्यांच्या किरणांचा हिशेब कार्ड त्याच क्षणी करतं. किरण भिंतीवर आपटतो, भिंतीचा रंग घेऊन पुढच्या वस्तूवर जातो. तुमच्या जुन्या वाड्यात दुपारचं ऊन चौकातल्या शहाबादी फरशीवर पडायचं आणि माडीखालचा अंधारा कोपराही त्याने उजळून निघायचा, अगदी तसं.

गेममध्ये जपानटाउनला जा. रात्रीची वेळ, पाऊस पडून गेलेला. गाडी सोड आणि पायी फिर. बाजाराच्या बोळात एखाद्या पाटीखाली उभा राहा आणि मग पाथ ट्रेसिंग बंद-चालू करून बघ. बंद असताना टपरीखालच्या वस्तू तरंगल्यासारख्या दिसतात. चालू केलं की प्रत्येक खोक्याला, प्रत्येक खुर्चीला आपापली सावली मिळते आणि ती जमिनीवर टेकते. वहिनी विचारतील ना, "एवढं काय आहे यात?" तर त्यांना हाच फरक दाखव.

दुसरा ॲलन वेक २. फिनलंडच्या रेमेडीचा, ऑक्टोबर २०२३ चा. स्टीमवर, म्हणजे गेमच्या त्या नेहमीच्या ऑनलाइन दुकानात, शोधत बसू नकोस, तो एपिकच्या स्टोअरवर मिळतो. ओलं, दाट जंगल आणि हातात टॉर्च, एवढ्यावर त्यांनी कमाल केलीये. पण भयकथा आहे, त्यामुळे पिल्लू झोपल्यावरच लाव. इंडियाना जोन्सचा डिसेंबर २०२४ चा गेमही बघ. रे ट्रेसिंग, म्हणजे किरणांचा तसाच हिशेब, करणारं कार्ड नसेल तर तो चालूच होत नाही, म्हणजे तुझ्या मशीनसाठीच केलाय म्हण ना. त्यातले व्हॅटिकनचे दिव्यांनी उजळलेले दगडी कॉरिडॉर मला फार आवडतात.

आता याच्या उलट बाजूचा एक. रेड डेड रिडेम्प्शन २ पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. त्यात रे ट्रेसिंग औषधालाही नाही. सगळं 'अल्ट्रा'वर, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जावर, ठेवलंस तरी तुझं कार्ड आरामात ओढेल. तरी तो मी या यादीत फार वर ठेवीन. सुरुवातीलाच बर्फाचे डोंगर आहेत. बर्फात घोडा चालला की मागे चर पडत जाते, माणूस चालला की पावलं उमटतात. खाली उतरल्यावर पहाटेचं धुकं दरीत कसं साचतं आणि ऊन चढेल तसं कसं विरतं, ते घोडा थांबवून बघण्यासारखं आहे. या लोकांनी आकाश मन लावून पाहिलेलं आहे. नुसत्या ताकदीने ते येत नाही.

आणि मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय तो मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. २०२० चा किंवा २०२४ चा, कुठलाही घे. फ्रान्सच्या असोबोने केलाय. बिंगचे नकाशे आणि उपग्रहाचे फोटो इंटरनेटवरून येत राहतात आणि त्यावर सगळी पृथ्वी उभी राहते. पहिलं विमान ओझरच्या विमानतळावरून उडव. हो, आपलंच ओझर! नैर्ऋत्येला वळलास की गोदावरी सापडेल, तिच्या काठाने शहरावरून पुढे गेलास की गंगापूर धरण. घाट आणि मंदिरं मात्र शोधू नकोस. आपल्याकडची घरं संगणकाने वरून दिसणाऱ्या फोटोवरून अंदाजाने उभी केलीत, त्यामुळे पंचवटी काही पंचवटीसारखी दिसत नाही. डोंगरांचा आकार मात्र ओळखीचा. हवामानाच्या खिडकीत जाऊन ढगांचा थर समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांवर ठेव आणि वेळ संध्याकाळची लाव. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी दोन्ही चार हजार फुटांच्या वर आहेत, त्यामुळे खाली सगळी ढगांची चादर आणि तिच्यातून वर आलेले दोघांचे माथे, त्यावर तिरपं ऊन. श्रावणात अंजनेरीवर भिजत उभे होतो तेव्हा याच ढगांच्या आत होतो आपण. ते वरून कसं दिसत असेल हे मला या गेममुळे कळलं. नागपुरात बसून तुला नाशिकची आठवण आली तर हे लाव.

अंजनेरीवरून आठवलं. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून आपण ज्याला मानतो त्या डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाने ब्लॅक मिथ: वुकाँग खेळलाच पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये गेम सायन्स या चिनी स्टुडिओने काढला. सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतल्या वानरवीराच्या वाटेवर निघालेला एक वानर त्याचा नायक. शेपूट, सोनेरी दंड, उड्डाणं, सगळं बघताना आपल्याला परकं वाटत नाही. पण मला भावलं ते वेगळंच. या लोकांनी शान्शी प्रांतातल्या खऱ्या जुन्या देवळांत जाऊन मूर्ती, खांब, छतं स्कॅन केली आणि ती गेममध्ये आणली. मूर्तीच्या चेहऱ्यावरचा उडालेला रंग, लाकडाला गेलेली चीर, सगळं जवळ जाऊन बघता येतं. गेम आल्यावर त्या देवळांकडे लोकांची रीघ लागली.

आणि मग मला सिन्नरचं गोंदेश्वर डोळ्यांसमोर येतं. यादवांच्या काळातलं देऊळ, मधे मोठं मंदिर आणि भोवती चार लहान, काळ्या दगडात इंच इंच कोरलेलं. सकाळचं ऊन सभामंडपाच्या खांबांवर आडवं येतं तेव्हा कोरीवकामातली प्रत्येक रेघ वेगळी उठून दिसते. त्याला पाथ ट्रेसिंग मिळालं तर काय होईल, सांग! आपल्याकडे हे करणारी माणसं नाहीत असंही नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' केला. तो कुठल्याही मशीनवर चालतो, तुझं कार्ड त्याची दखलही घेणार नाही. पण त्यातल्या भिंतींवरची चित्रं बघ. थोडक्या माणसांनी केलंय ते. त्यांच्यासारख्यांच्या हातात पैसा आणि वेळ आला, तर गोंदेश्वर, पांडवलेणी, रामशेज हे सगळं कुणीतरी असं उभं करेल, आणि त्या दिवशी मी स्वतः नवीन कार्ड घेईन. हे मी फार मनापासून लिहितोय.

सेनुआज सागा: हेलब्लेड २ राहिलाच. तो मे २०२४ चा, छोटा आहे, आइसलँडच्या खऱ्या खडकांवरून केलेला. हेडफोन लावूनच खेळ, कारण नायिकेच्या डोक्यातले आवाज कानांभोवती फिरतात. चेहऱ्यांवरचे भाव इतके बारीक मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेले नाहीत.

आता कामाचं. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावली आहे ना ते बघ. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते) ६० वरच राहिलेला असतो, तो वाढव. डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेव. त्यात कार्ड आतल्या आत ९६० पी काढतं आणि १४४० पी करून दाखवतं, आणि डोळ्याला फरक जवळपास लागत नाही. पाथ ट्रेसिंग त्याशिवाय परवडायचं नाही. फ्रेम जनरेशन, म्हणजे मधली चित्रं कार्डाने स्वतःच भरणं, मात्र मुळात सेकंदाला पन्नास-साठ फ्रेम मिळत असतील तरच लाव, नाहीतर चित्र गुळगुळीत दिसतं पण माउस जड लागतो. वुकाँग घेण्याआधी स्टीमवर त्याचा फुकट बेंचमार्क (मशीनचा वेग मोजणारी चाचणी) आहे, तो चालव. जागाही मोकळी ठेव, वुकाँगला १३० जीबी आणि रेड डेडला १५० जीबी लागतात. सगळे एकदम विकत घेऊ नकोस. रेड डेडला स्टीमच्या सेलमध्ये चांगली सूट मिळते, थोडं थांब.

आणि तुमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नकोस. ती ओली हवा आत गेलेली बरी नव्हे. यूपीएस घेतला नसशील तर तो आधी घे. लाईट जाते-येते त्यात एवढ्या महागाच्या वस्तूचं नुकसान नको.

बेंचमार्कचा आकडा आणि सेटिंगचा फोटो पाठव, म्हणजे काय कमी-जास्त करायचं ते सांगतो. ओझरहून उडालास की त्याच दिवशी फोन कर, कितीही वाजले तरी. वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझा,
विन्या