पुस्तक मिटून आठवा

महोदय,

दहावीची उजळणी म्हणजे धडा चार-पाच वेळा वाचणे आणि ओळी रंगवणे, असेच बहुतेक घरांत चालते. मजकूर ओळखीचा वाटू लागतो नि मुलांना ‘आलं’ असे वाटते. परीक्षेत ओळखायचे नसते, आठवायचे असते! रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे सरस ठरले.

धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावे आणि दहा मिनिटे कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. गोव्याच्या नद्या घ्या. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुवारी, साळ इथवर येऊन पेन अडले, तर लगेच पान उलटू नये. अर्धा मिनिट आठवून पाहावे, मगच तळपण, गालजीबाग वेगळ्या शाईने भरावे. ताडून पाहिले नाही तर चूकच पक्की होते. हेच दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी करावे. एकाच रात्री दहादा नव्हे.

शाळांनीही तासाची पहिली पाच मिनिटे मागच्या आठवड्यातल्या तीन प्रश्नांना द्यावीत. त्यांना गुण मात्र ठेवू नयेत, भीतीपोटी मुले शेजारच्या वहीत डोकावतात.

– एक शिक्षिका, फोंडा